तिच्या रक्तातला पुरुषी आकडा

"उद्या सकाळी माझी दोन्ही बीजाशयं काढणार आहेत," ती म्हणाली. "आणि मला मूल हवंय हो, बाई!"

मास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला. बाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. वकिली सोडून बाई खासगी तपास करू लागल्या, तेव्हापासून चित्रकलेचे हे निवृत्त मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, मदतीला असत. मदत किती व्हायची, ते सोडा.

ती बसस्थानकावर निवेदिका होती. मूल होईना म्हणून तपासण्या केल्या, तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, थेट पुरुषाएवढं! एकदा नव्हे, दोनदा. स्कॅनमध्ये काही सापडेना. डॉक्टर म्हणाले, न दिसणारी गाठ असणार, बीजाशयंच काढू.

"मशीन बिघडलं असेल," मास्तर म्हणाले.

"मोठ्या प्रयोगशाळेतल्या अचूक यंत्रावर तेच रक्त पुन्हा लावलं. आकडा तोच! मधे एकदा घरी न घेता इस्पितळात रक्त घेतलं, ते तेवढं नॉर्मल आलं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून ते सोडून दिलं." तिला रडू आवरेना. "मला कोणीतरी काहीतरी खायला घालतंय. नणंद वजनं उचलते. पावडरींचे डबे आहेत तिच्याकडे."

"पाळी?" बाईंनी विचारलं.

"वेळच्या वेळी."

"चेहऱ्यावर केस? आवाजात फरक?"

"आवाज बदलला असता तर अख्ख्या स्टँडला कळलं असतं."

बाईंनी पर्स उचलली. "उठा मास्तर. हिच्या घरी जायचंय, आत्ताच."

नणंदेनं डबे टेबलावर आपटले. "घ्या, तपासा! स्वयंपाक तीच करते, आम्ही तिच्या हातचं खातो. मी काय नि कुठे कालवणार?"

"घरी रक्त काढायला कोण यायचं?"

"लॅबचा माणूस, सकाळी. सुई बघून हिची बोबडी वळते. दोन्ही वेळा दादा आंघोळ करून शेजारी बसला, कोपराची शीर चोळत. इस्पितळात त्याला आत घेतलं नाही, तर काय रडली ही!"

तेवढ्यात नवरा न्हाणीघरातून बाहेर आला, शर्टाची बटणं लावत. त्याच्याबरोबर स्पिरिटसारखा वास आला. मास्तरांनी बाईंना कोपरानं ढोसलं. "भल्या सकाळी टाकून आलाय हो!"

"दादा थेंबाला शिवत नाही," नणंद फणकारली. तिचे कान भलतेच तिखट होते.

"कसली औषधं घेता?" बाईंनी विचारलं.

"मी? छे! मला काय धाड भरलीय?" तो घाईघाईनं म्हणाला. मग एकदम हात जोडले. "पण तिला वाचवा हो!"

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"पोटातून गेलं असतं, तर पाळी चुकली असती, चेहरा बदलला असता. तसं काहीच नाही. म्हणजे हिच्या रक्तात ते वाढलेलं नाहीच."

"मग यंत्र खोटं बोललं?" मास्तरांनी विचारलं.

"यंत्रानं नळीत होतं तेच सांगितलं. ते नळीत पडलं कातडीवरून. मास्तर, बाईच्या रक्तात हे इतकं थोडं असतं, की बाहेरचा नखभर लेप सुईबरोबर आत गेला तरी पुरुषाचा आकडा येतो. आणि बोळ्यानं पुसून तो पुरता जात नाही. दोन नमुने घरचे, दोन्हींच्या आधी एकाच माणसानं हात चोळला होता. इस्पितळात तो नव्हता, तर आकडा नॉर्मल. पुरुषांना खांद्यावर चोळायला याच हार्मोनचं जेल मिळतं, ते चोळणाऱ्याच्या हातालाही राहतं. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून तो वास."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. अंगात जोर नव्हता. वाटलं, यानं मूल होईल."

"उलट झालं," बाई म्हणाल्या. "हे बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बीज बनवणं थांबवतं. डॉक्टरला विचारून सोडा, कदाचित परत येईल. हिचं ऑपरेशन मात्र थांबवा. अंग धुऊन, कुणाचाही हात न लागता, नवा नमुना द्या."

मास्तरांना वाटलं, आता ती नवऱ्याच्या गळ्यात पडेल. सुटली की बिचारी! ती मात्र त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"ट्यूबवर नाव असतं ना औषधाचं?"

"असतं."

"माझ्या रिपोर्टवर होतं तेच?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"कधी वाचलंस?"

"पहिला रिपोर्ट आला, तेव्हाच." त्याला हुंदका आला. "संबंध असेल असं वाटलं नाही गं. आणि विचारायची लाज वाटली."

"उद्या मला कापणार होते," ती म्हणाली.

तिनं इस्पितळाला फोन लावला आणि ऑपरेशन रद्द करायला सांगितलं. मग नणंदेला म्हणाली, "रक्त द्यायला जायचंय. येतेस?"

नणंद चपला घालू लागली. सवयीनं तोही उठला.

"तू नको येऊस," ती म्हणाली.