नकाशाचे चार कोपरे

शाळेच्या व्हरांड्यात नकाशा उलगडेपर्यंत माझं आयुष्य सुरळीत चाललं होतं.

नकाशा सत्तर वर्षांपूर्वीचा. इतकी वर्षं गुंडाळी होऊन पडलेल्याला मोकळं होण्याची सवय राहत नाही. इकडचा कोपरा दाबला की तिकडचा वळायचा. मी गुडघे टेकून त्याच्याशी झटत होते. तेवढ्यात शेजारी कोणीतरी बसलं आणि एकेका कोपऱ्यावर एकेक टोमॅटो ठेवला. चार टपोरे, लालभडक टोमॅटो.

“सरकारी कागद आहे हा,” मी म्हणाले.

“टोमॅटोही सरकारीच आहेत. शाळेच्या बागेतले.”

ते विज्ञानाचे शिक्षक. मुलं त्यांना टोमॅटो सर म्हणायची. शाळेमागच्या ओसाड तुकड्यावर नऊ वर्षं खपून त्यांनी बाग उभी केली होती, आणि तिच्याविषयी ते असे बोलायचे, की लग्नाच्या मुलीचं कौतुक चाललंय असं वाटावं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर, पेराशी, एक गोल खोल जखम होती.

“काटा?”

“टोमॅटोला काटे नसतात, मॅडम. पण असेल कसला तरी... भरत नाही एवढं खरं.”

जखम बघून कोणी प्रेमात पडतं यावर माझा विश्वास नव्हता. आता आहे.

मी जुन्या नकाशांच्या दप्तरात नोकरीला. वरून हुकूम निघाला होता, की शाळांनी आपापल्या परिसराचा इतिहास शिकवावा आणि दप्तराने त्यांना साहाय्य करावं. साहाय्य म्हणजे दर सोमवारी मी नकाशा न्यायचा, आणि तो फाटलेला नाही अशी सही घेऊन परत आणायचा. मुलांना गृहपाठ होता: आपल्या घराच्या जागी आधी काय होतं, ते घरातल्या थोरांना विचारून या. उत्तरं आली. ‘चिखल.’ ‘जांभळाची झाडं.’ ‘तुझ्या बापाला अक्कल येण्याआधीचा काळ.’

मग आम्ही जुन्या नकाशाची पारदर्शक कागदावर नक्कल काढली आणि आजच्या नकाशावर ठेवली. पुलावर पूल जुळवला. नदीकाठी तेव्हा कातडी कमावण्याचा कारखाना होता, आणि त्याचा गाळ टाकायचा खड्डा आला बस डेपोखाली.

“डेपोखाली ना?” मुख्याध्यापिकाबाईंनी सुस्कारा सोडला. “मग शिकवा बिनधास्त.”

दर सोमवारी मी पिशवीभर टोमॅटो घेऊन घरी जायचे. आई ते मीठ लावून कच्चेच खायची.

“इतरांच्या मुलींना फुलं येतात,” ती म्हणायची.

“आई, मी चौतीस वर्षांची आहे.”

“म्हणून तर टोमॅटो.”

एका सोमवारी कोपऱ्यांवर टोमॅटो ठेवता ठेवता सर थांबले. “तुमच्या नकाशाला कायम कोणीतरी धरून बसावं लागतं.”

“हो. एकट्याने जमत नाही.”

“मग कायमचंच कोणी... म्हणजे, मी एखाद्या रविवारी तुमच्या आईंना भेटायला आलो तर—”

त्या शाळेची घंटा कधीच वेळेवर वाजत नसे. नेमकी त्या दिवशी वाजली. मी नुसती मान डोलावली.

पुढच्या सोमवारी सातवीतली एक मुलगी आजोबांना घेऊन आली. ते त्याच कारखान्यात कामाला होते. त्यांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला.

“पूल चुकलाय तुमचा. जुना पुरात गेला. हा नवा दोनशे पावलं खाली बांधला.”

मग त्यांनी सरांचा हात हातात घेतला, ते बोट उलटसुलट केलं, आणि आपले दोन्ही हात पुढे पसरले. प्रत्येक पेरावर गोल खड्डा होता, जुना, बुजलेला.

“तुम्ही कधी होतात आमच्याकडे कामाला?”

सर हसले. मला हसता आलं नाही.

दुपारी रिकाम्या वर्गात मी पारदर्शक कागद दोनशे पावलं वर सरकवला. खड्डा डेपोतून निघाला, रस्ता ओलांडून शाळेमागे आला आणि बरोबर वाफ्यांवर बसला.

कागद परत खाली ओढणं अवघड नव्हतं. डेपोने तक्रार केली नसती. पुलाचं आजोबा सोडून कोणाच्याच लक्षात नव्हतं, आणि आजोबांना विचारतो कोण? रविवारी सर चहाला आले असते. पण सातवीतल्या त्या मुलीच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. ती निंदणीत सगळ्यांच्या पुढे असायची.

मी सरांना हाक मारली. त्यांनी वाफ्यांवर आलेल्या खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“हे तुम्ही सरकवलं नसतं तर?”

“तर तुम्ही रविवारी आमच्याकडे आला असता.”

ते बाहेर गेले. बागेच्या फाटकाला कुलूप नव्हतं. त्यांनी ते मुलींच्या उडी मारायच्या दोरीने बांधलं. चार गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावून धडा त्यांनीच शिकवला. कुंपणाबाहेर उभं राहून, बोट वर धरून. “ही काट्याची जखम आहे असं मी मुलांना सांगत आलो. त्यांच्या बोटांना झालं तेव्हाही तेच सांगितलं.”

एका आईने विचारलं, “मग आमच्या पोरांनी इतकी वर्षं खाल्लं काय, सर?”

“मी पिकवलेलं.”

“डेपोखाली काय वाईट होतं?” मुख्याध्यापिकाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

माती तपासायला गेली आणि गाळाचं विष घेऊन परत आली. शाळेला टाळं लागलं, मुलं तीन शाळांत वाटली गेली. सर निलंबित झाले. खड्डा खणणारे केव्हाच मेले होते, त्यामुळे हाताशी तेवढेच होते. माझ्या आणि आईच्या रक्ताचा अहवाल यायचा आहे. “आता परक्या कोणाच्या हातचं खाणार नाही,” आई म्हणते. सरांच्या हातचं खाणार नाही, असं मात्र म्हणत नाही.

या सोमवारी मी त्या तीनपैकी पहिल्या शाळेत गेले. वर्ग नवा, पण पुढच्या बाकांवर ओळखीच्या पट्ट्या बांधलेली बोटं. नकाशा उलगडला, तो वळला. मी गुडघे टेकले. शेजारी कोणीतरी बसलं आणि दोन कोपऱ्यांवर दोन तळहात ठेवले. बोटाला बँडेज होतं.

“तुम्हाला शाळेत यायला बंदी आहे ना?”

“शिकवायला आहे. कोपरे धरायला नाही. मी विचारून आलो.”

उरलेले दोन कोपरे मी धरले.

“रविवारी येऊ?” त्यांनी नकाशाकडे बघत विचारलं. “आता रिकाम्या हातांनीच यावं लागेल...”

“या. आई वाट बघतेय.” मी माझे कोपरे घट्ट दाबले. “मीसुद्धा.”

“खड्डा कुठे होता?” मागून कोणीतरी विचारलं. दाखवायला आमच्यापैकी एकाचाही हात मोकळा नव्हता. तेव्हा पट्ट्यांवाली ती सातवीतली मुलगी उठली, पुढे आली, आणि तिने बरोबर जागेवर बोट ठेवलं.