मखमलीवरचं नाव

मयुरीच्या रुखवतात तिच्या हातचं काहीच नव्हतं. पोरगी जबलपूरला नोकरीला, विणणार कधी न् रंगवणार कधी! लांजीची व्याही मंडळी आल्यावर दाखवू काय? म्हणून माळ्यावरची पेटी उतरवली, तर तळाशी काळ्या मखमलीवरचं चित्र निघालं. गुलाबी कमळं, दोन हंस, चांदीच्या रंगाचा चंद्र. अगदी जत्रेतला माल! मी पोट धरून हसले. मग अंगणात उजेडाला धरलं आणि बघतच राहिले. काळोख कोणी रंगवलाच नव्हता, तो कापडाचाच. त्यातून हंस पोहत बाहेर येत होते. मला ते भारीच आवडलं.

कोपऱ्यात नाव होतं, कु. मंजू. माझी नणंद. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नाला आठ दिवस असताना तापानं गेली. मी तिला कधी पाहिलंही नाही.

"ते ठेवून दे, साधना," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या हातचं हाये. दुसरीच्या नावावर नोको करू."

"आई, आजकाल सगळे विकतचंच मांडतात."

मी शाळेत विज्ञान शिकवते. असलं काही मनावर घेत नाही. मंजूच्या नावावर काळा रंग फिरवला, वर चांदीनं 'मयुरी' लिहिलं आणि काच बसवून आणली.

दुसऱ्या दिवशी काचेआड मखमलीची लव उलटी फिरलेली. चार बोटांचे पट्टे, थेट नावापर्यंत. नाव फिकटलेलं. रंगच बेकार, असं म्हणत मी काच काढली, लव सारखी केली, नाव आणखी जाड गिरवलं.

संध्याकाळी पट्टे परत तिथंच होते.

हळदीच्या आदल्या दिवशी मयुरी आली. चित्रासमोर बसली ती बसलीच.

"मम्मी, ये मैंने बनाया है ना?"

"हो गं बाई, तूच," मी हसून म्हटलं. पाहुण्यांना तेच तर सांगायचं होतं.

लग्न दुपारचं होतं. मांडवात मयुरी माझ्या सासूबाईंना बिलगून बसली होती. मराठीत दोन वाक्यं धड न बोलणारी माझी पोरगी म्हणत होती, "माय, मले भूक लागून राह्यली नं."

सासूबाई तिचं तोंड कुरवाळत होत्या. रडत होत्या, हसत होत्या.

"मयुरी!"

ती वळली नाही.

मी तिचा खांदा धरला.

तिनं वर पाहिलं. पदर सावरला. सरकून मला जागा दिली.

"बसा नं बाई," ती आदरानं म्हणाली. "तुमी कोनाकडच्या?"