‘ते’चा ‘तो’

दुपारचं जेवण उरकून धाकटी स्टुडिओत परतली, तेव्हा मालक बाहेर पडायच्या घाईत होते. "आज एकच काम आहे. एक प्राध्यापक त्यांचा कवितासंग्रह वाचायला येतील. रेकॉर्ड कर आणि मला पाठव, मी घरूनच ऐकतो," असं सांगून ते गेलेसुद्धा. काम रोजचंच होतं. तिने माइक पुसला, पाण्याचा ग्लास भरून ठेवला, खुर्ची नीट केली. मग प्राध्यापकांचं नाव काय म्हणून मालकांनी ठेवलेल्या कागदावर नजर टाकली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तिचे भावोजी होते.

ताईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ज्या माणसाने जन्मात स्वतःची म्हणून एक कविता लिहिली नव्हती, त्याचा कवितासंग्रह निघत होता.

भावोजी कॉलेजात वृत्तं आणि अलंकार शिकवत. उपमा, रूपक, श्लेष, यमक, कशाचीही व्याख्या त्यांना झोपेतून उठवून विचारावी. कविता सोडून कवितेतलं सगळं त्यांना यायचं. कविता करायची ती ताई. मुळात ती अबोल. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती ओळ जुळवायची आणि हाताखाली जे असेल त्यावर वृत्त वाजवून बघायची. लघु अक्षराला नखाने टक, गुरू अक्षराला तळव्याने थप. थप पडली की तिची सैल अंगठी बारीकशी किणकिणायची. लिहून ठेवायची तिला कधी गरजच वाटली नाही. संध्याकाळी नवऱ्याला म्हणून दाखवायची, तो उतरवून घ्यायचा. ओव्या, आर्या, गझला, मुक्तछंद, एकूण एक कागद भावोजींच्याच अक्षरात. धाकटीजवळ पुरावा म्हणून दाखवायला चिटोरंही नव्हतं. तेच तिला आतून पोखरत होतं.

भावोजी आले ते इस्त्रीच्या शर्टात, अत्तर लावून.

"अगं, तू इथे असतेस होय? छान. घरचंच काम झालं."

"या कविता ताईच्या आहेत."

"बसू तर दे."

"निदान तिचं नाव तरी लावा, भावोजी. मी दुसरं काही मागत नाही."

ते वर्गात हसावं तसं हसले. "उतरवल्या कुणी? घासूनपुसून लख्ख कुणी केल्या? आणि कवितेतला ‘मी’ कुणाचा असतो? कुणाचाच नसतो."

"यातली ‘मी’ बाई आहे. सांगते, जळते, विसरते..."

"होती. ‘ते’चा ‘तो’ केला की काम झालं. ‘ते’ही गुरू आणि ‘तो’ही गुरू. वृत्ताला ओरखडासुद्धा नाही." या हातचलाखीचा त्यांना खराखुरा अभिमान होता. "एका ठिकाणी तेवढं अडलं. ‘गाते’ला यमक ‘नाते’ होतं. जमेना, मग ती कविताच काढून टाकली."

धाकटीला वाटलं, हातातली हेडफोनची वायर यांच्या गळ्याभोवती आवळावी. ती उठली आणि तिने केबिनचं जाड दार उघडून धरलं. नको म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, आणि ते दुसऱ्या स्टुडिओत गेले असते.

वाचायची केबिन म्हणजे एक कोंदट खोली. चारी भिंतींना राखाडी स्पंज, खाली जुना गालिचा, खिडकी नाही. दार लागलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं व्हायचं. आत बसलेल्याला आपल्याच पोटातले आवाज ऐकू यायचे. बाहेर, मोठ्या काचेपलीकडे धाकटीचं टेबल होतं. बटण दाबून बोललं तर तिचा आवाज आत जायचा.

सुरुवातीच्या ओव्या सुरळीत पार पडल्या. भावोजींचा आवाज चांगला होता, हे तिला कबूल करावं लागलं आणि त्याचाही रागच आला. मग त्यांनी भुजंगप्रयातातली कविता काढली.

मला बोलता येत नाही म्हणूनी
घरी भिंत ऐके, तिला सांगतो मी...

हेडफोनमध्ये त्या ओळींखाली आणखी काहीतरी होतं. टक, थप, थप. टक, थप, थप.

तिने बटण दाबलं. "टेबलावर बोटं वाजवू नका."

"मी कुठे वाजवतोय?"

तिने काचेतून पाहिलं. त्यांच्या दोन्ही हातांत कागद होते. तरी ठेका चालूच होता, प्रत्येक थपेमागून अंगठीची किणकिण येत होती. ती घाबरली, पण त्याहून जास्त तिला रडू आलं.

"झालेलं ऐकवते," ती कसंबसं म्हणाली आणि तिने रेकॉर्डिंग लावलं. भावोजींचाच स्वच्छ, कमावलेला आवाज घुमला... घरी भिंत ऐके, तिला सांगते मी.

"मी ‘सांगतो’ म्हटलं," भावोजी म्हणाले.

"मीही तेच ऐकलं."

त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा ‘सांगते’. तिसऱ्यांदा त्यांनी ‘तो’वर असा काही जोर दिला की माइकवर थुंकी उडाली. रेकॉर्डिंगमध्ये ‘ते’ तेवढ्याच जोराने आलं.

"तुझं मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडलं तर खरखरतं, भावोजी. व्याकरण नाही बदलत."

ते चिडले. कपाळावर घाम आला होता, पण माघार घेतील तर ते भावोजी कसले! "हे सगळं नंतर दुरुस्त कर. आता शेवटची कविता घेऊ. तिच्याआधी मी चार शब्द बोलणार आहे." त्यांनी घसा साफ केला.

"माझी पत्नी शेवटच्या आजारात होती. अंगात फणफणून ताप. मी उशाशी बसलो होतो. खोलीत दिवा लख्ख जळत होता, आणि तरीही एक विलक्षण ओळ ओठांवर आली... दिवा मंद झाला, कुणी हाक मारा. केवढं मोठं रूपक! दिवा म्हणजे प्राण, हाक म्हणजे ईश्वराची हाक. डॉक्टर शेजारच्याच इमारतीत राहतात. पण त्या क्षणी उठलो असतो तर पुढची ओळ निसटली असती. कवीला अशी किंमत मोजावी लागते."

ताप एकाएकी वाढला, काही करायला उसंतच मिळाली नाही, असं धाकटीला सांगितलं गेलं होतं. ओळ कुणाच्या ओठांवर आली होती, हे तिला विचारावं लागलं नाही. तिने बटणावर मूठ आपटली.

"ते रूपक नव्हतं!"

"काय?"

"तिला दिसेनासं झालं होतं! डोळ्यांपुढे अंधार येत होता. हाक मारा म्हणजे डॉक्टरांना हाक मारा! तिचं बोलणंच वृत्तात यायचं, तुम्हाला ठाऊक होतं ना? बाई जीव वाचवा म्हणत होती, आणि तुम्ही... तुम्ही उतरवून घेत बसलात?"

काचेपलीकडे त्यांचं तोंड उघडं राहिलं. हा अर्थ त्यांना आजवर सुचलाच नव्हता, हे तिला स्पष्ट दिसलं. त्याने तिचा संताप कमी झाला नाही, उलट भडकला. मुद्दाम केलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. या माणसाला मरणारी बायको दिसलीच नव्हती, अलंकार दिसला होता.

"ते... ते रूपकच आहे," ते पुटपुटले. "रूपकच आहे." आणि कागद तोंडासमोर धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

शेवटची ओळ त्यांची स्वतःची होती. ताई त्याआधीच बोलायची थांबली होती. टेबलावरच्या प्रतीत ती ओळ धाकटीने आधीच पाहिली होती... फुले, चांदणे अन् सुगंधीत वारा. वृत्तात बसावं म्हणून ‘सुगंधित’मधला ‘धि’ ताणून दीर्घ केला होता. ताईने आयुष्यात कधी अक्षर ताणलं नव्हतं.

"दिवा मंद झाला, कुणी हाक मारा..."

केबिनमधला बल्ब पिवळा पडला. टक, थप, थप. ठेका आता इतका जवळून येत होता की धाकटीला तो स्वतःच्या छातीत जाणवला. भावोजींनी ‘फुले’ म्हणायला ओठ जुळवले. ओठ थरथरले, वाकडे झाले आणि त्यांतून त्यांचाच आवाज निघाला. पण धाप लागलेला, कोरड्या घशाचा...

"उशाशी बसे तो, टिपे श्वास सारा."

कुठे अक्षर कमी नव्हतं, कुठे जास्त नव्हतं. ठेका थांबला.

भावोजी धडपडत उठले. खुर्ची पडली, ग्लास फुटला. जाड दार ढकलून ते बाहेर आले, तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटी वाटेत उभी राहिली. "नाव बदलणार आहात का?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. "मी... मी जाते," ते म्हणाले. स्वतःचा शब्द स्वतःच्या कानावर पडला तसा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि जिना उतरून पळाले. कागद आतच राहिले.

धाकटीने फाइल मालकांना पाठवून दिली. पुसून टाकावी असं तिला एकदाही वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"अगं, प्राध्यापक म्हणाले होते ना? ही तर बाई वाचतेय. काय सुरेख वाचलंय! नाव काय लावायचं?"

धाकटीने ताईचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून. पलीकडे मालकांनी ते लिहून घेतल्याचं ऐकलं आणि तिचे डोळे वाहू लागले.

"बरं, त्या बाईंना सांग," मालक म्हणाले, "शेवटी श्वास फार जोरात आलाय. दमा आहे का त्यांना? आणि तो थांबतच नाही गं. मी फाइल बंद केली तरी... तुझ्याच बाजूने येतोय का?"

तिने फोन खाली ठेवला. हेडफोन गळ्यात होते, ते कानांवर चढवले. केबिनमध्ये कुणी नव्हतं. पडलेली खुर्ची होती, काचा होत्या, आणि माइकच्या अगदी जवळ कुणीतरी कष्टाने श्वास घेत होतं. आत, बाहेर. मध्ये बारीकशी घरघर.

धाकटीने बटण दाबलं.

"ताई," ती म्हणाली, "डॉक्टरांना बोलवू?"

श्वास थांबला. संपल्यासारखा नाही... कुणी उठलं का, पावलं वाजतात का, हे ऐकायला माणूस श्वास थांबवतो, तसा.