एका डब्यात दोन नाड्या

डॉ. हेमांगी पेडणेकरांच्या पडद्यावरचे आकडे भलतेच गुणी निघाले होते. चारशे रुग्ण, पाच महिने, आणि गोळी चुकवणारं जवळपास कुणीच नाही. अठ्ठावीस वर्षं औषधांच्या चाचण्यांची गणितं मांडलेल्या बाईला एवढा शहाणपणा पचेना. माणसं गोळ्या विसरतात, हे त्यांचं पहिलं गृहीतक.

आता गोळीच बोलकी होती म्हणा. पोटात विरघळताना ती माणसाची नाडी टिपायची आणि 'गिळली' असा निरोप फळीवरच्या डब्याला पाठवायची. आजार होता रेंगाळा ताप. काजूच्या बागांमधल्या गोचिडीपासून होणारा, महिनोन्महिने न हटणारा. निम्म्या डब्यांत खरं औषध होतं, निम्म्यांत तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं हे सोडतीनं ठरलं होतं, आणि ते ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. यादी कुलूपबंद होती. किल्ली फक्त हेमांगींकडे.

पाच महिन्यांनी खऱ्या गोळीचा गट स्पष्ट पुढे नसेल तर औषध बंद, हा नियमही त्यांनीच आधी लिहून सही केलेला. नावं न उघडता संगणकानं काढलेल्या बेरजेत खरा गट पुढे होता, पण केसभरच. सोमवारी समितीची बैठक होती.

"नियम तुमचाच आहे, मॅडम," त्यांची सहकारी झरीना मुकादम म्हणाली. "पण आंबेखोलच्या या डब्यातली नाडी बघा. एक दिवस अडुसष्ट, दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. ही बाई काय दिवसाआड परीक्षेला बसते?"

हेमांगी हसल्या नाहीत. शेजारच्या घरच्या डब्याची नोंद त्यांनी पडद्यावर उघडली. त्यातही त्याच दोन नाड्या, फक्त दिवस उलटे. वाडीवाडीत असेच डबे निघाले, जोडीजोडीनं. मग त्यांनी यादीचं कुलूप काढलं. ज्या जोडीचे दोन्ही डबे खरे, तिथला ताप बहुतेक उतरला होता. एक खरा, एक पोकळ, तिथे तळ्यात-मळ्यात. दोन्ही पोकळ, तिथे तापानं बस्तानच मांडलं होतं.

"म्हणजे औषध चालतंय. झालं की मग!"

"काय झालं? ज्याला जो डबा मिळाला, त्याच गटात तो मोजायचा, हे मीच शिकवत आले. आकडे बघून नियम वाकवला, तर उद्या कुणीही हवं ते औषध पास करून घेईल. आणि गोळी कोण गिळतंय हे ओळखायची परवानगी आपल्याला दिली कुणी?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आंबेखोलला गेल्या. शेवंती गवस आणि शेजारीण सुहासिनी नाईक ओसरीवर काजूच्या बिया निवडत होत्या. दोघींचे डोळे तापानं ओढलेले. हेमांगींनी विचारलं, तशा त्या मुळीच बिचकल्या नाहीत.

"एकीच्या डब्यात खरी असात, एकीच्या खोटी, असा डॉक्टरान सांगल्यान," शेवंती म्हणाली. "मगे आमी म्हटला, कित्याक नशीब बघूचा? एक दिस हिच्या डब्यातली, एक दिस माझ्या. अर्धी तरी दोघींका गावतली."

हेमांगींना वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. दारात दार असलेल्या बायकांसाठी वेगवेगळ्या चिठ्ठ्या काढायची सोडत त्यांनीच आखली होती. अख्खी वाडी एक धरून चिठ्ठी काढली असती तर वाटणीनं काही बिघडलं नसतं. शेजार कसा असतो हे त्यांच्या गणितात नव्हतंच.

"चूक तुमची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी तसं सांगणार आहे. तुमच्या नाड्या बघून औषध वाचवता येईल कदाचित. पण आधी तुमचं हो पाहिजे."

"घेवा," शेवंती म्हणाली. मग हातातली बी तिनं सुपात ठेवली. "म्हणजे खयची गोळी कोणी खाल्ली, ता तुमका कळता?"

"कळतं."

"मगे खरी कोणाची, ताय म्हायत असतला."

या दोन डब्यांची यादीतली ओळ हेमांगींनी सकाळीच वाचली होती. दोन्ही पोकळ. सोमवारपर्यंत ते सांगणं नियमात बसत नव्हतं, आणि पाच महिने या दोघी एकमेकींना काहीच नसलेलं अर्धं अर्धं देत आल्या होत्या.

सुहासिनी सुपावरून पुढे वाकली.

"सांगा बाई, आमी भांडूचव नाय. माझी होती, काय हिची?"