बोगद्यापलीकडचा उतार

निशिबोरीकाकांनी टेबलावर दोन पाने ठेवले, एक पेचकस ठेवला आणि स्वतः मात्र बसायचं नाव घेईनात.

"ही माझी हत्यारं. त्या दिवशी माझ्याच हातून चूक झाली का, एवढंच मला शोधून द्या. झाली असेल तर ही तुमच्याकडेच राहू द्या. मी उद्यापासून दुकान बंद करतो."

कुसुमी रित्सुबाईंनी चष्मा वर सरकवला. विमा कंपनीसाठी वीस वर्षं अपघात तपासून झाल्यावर बाईंनी ओत्सू गावात, बिवा तळ्याकाठी, स्वतःचं खाजगी चौकशीचं ऑफिस थाटलं होतं. त्यांचा मदतनीस योकोई म्हणजे आडव्या अंगाचा, भल्या मनाचा गडी. सगळं समजायचं त्याला, पण जरा उशिरा.

"काका, बसा तरी," योकोई म्हणाला.

"बसवत नाही रे बाबा. नऊ दिवस झाले, बसवत नाही." काका खिडकीपाशी गेले, परत आले. मग एकदाचे बोलू लागले.

काकांचं मोरियामात सायकलदुकान होतं. चेरी फुलली की तिथला क्लब दरवर्षी बिवा तळ्याला फेरी घालतो. क्लबचे कॅप्टन ओगिनो, वय एकोणसत्तर, काकांचे चाळीस वर्षांचे दोस्त. फेरीच्या आदल्या संध्याकाळी त्यांची सायकल काकांनीच खोलून, साफ करून, जोडून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी काइझूच्या फुललेल्या रस्त्यावर ही गर्दी! कॅप्टननी दोन्ही ब्रेक दाबले, ते दांड्याला टेकले, आणि सायकल काही थांबली नाही. एका आजीबाईंना वाचवायला त्यांनी दगडी कठड्यावर घातली. गळ्याखालचं हाड मोडलं, मनगट मोडलं.

"सायकल आणायला मीच टेम्पो घेऊन गेलो. बघतो तर दोन्ही ब्रेकचे खटके उघडे! चाक काढायचं तर आधी हा खटका उघडावा लागतो, नाहीतर टायर ब्रेकमध्ये अडकतं. चाक बसवलं की खटका बंद करायचा. क्लबातला सेगावा म्हणतो, मी अर्धवट लावले, धक्क्यांनी उघडले. त्यानं क्लबात सगळ्यांना तसं लिहून कळवलंय."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला आठवतच नाही हो!" काकांचा आवाज फाटला. "हात आपोआप करतात ते. माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं. आधी गॅस बंद करायला विसरायचा. मग मला विसरला. बाई, माझ्या हातच्या पन्नास सायकली रस्त्यावर फिरतायत. त्यांवर माणसं बसलीयत."

म्हाताऱ्याचीच चूक असणार असं योकोईला मनातून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचाच राग येत होता.

दुकानाच्या मागच्या शेडमध्ये ती सायकल चादरीखाली होती. काका आत आलेच नाहीत. "एकदा बघितली, चादर टाकली. परत बघायची हिंमत नाही," म्हणून बाहेर येरझारा घालत राहिले. त्यांच्या चपलांचा आवाज आत ऐकू येत होता.

बाईंनी चादर काढली. पुढचं चाक कठड्यावर आपटून वेडंवाकडं झालं होतं, पण जागेवर होतं. दोन्ही ब्रेकचे खटके उघडे होते.

योकोई साखळीच्या बाजूने वाकला. कोटाला काळं ग्रीस लागलं, वर उठताना खिसा पुढच्या चाकाच्या लिव्हरमध्ये अडकला आणि टर्रकन उसवला. "गेला कोट!"

"गप रे. सीटखालची पिशवी बघ."

"एक नवी ट्यूब आहे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही."

"आता ह्या भिंतीवरच्या नऊ सायकली बघ. काय दिसतं?"

योकोईने मन लावून पाहिलं. "सायकली."

"शाबास. तुला बक्षीस द्यायला हवं." बाई दाराशी गेल्या. "काका, चाक आवळायची लिव्हर तुम्ही कुठल्या बाजूला ठेवता?"

"डावीकडे. उजवीकडे साखळी असते, हात काळा होतो. हे काय विचारणं झालं?" काका फिरता फिरता म्हणाले. "चाळीस वर्षांत दुसरीकडे ठेवली नाही."

बाईंनी मान डोलावली आणि चादर परत नीट घातली.

सेगावा पस्तिशीचा होता. पोटऱ्या दगडाच्या आणि जीभ त्याहून कडक.

"म्हातारा चांगलाय हो, पण आता त्याचं वय झालं. मी खरं बोलतो तर लोकांना झोंबतं."

"वाटेत नागाहामाला जेवण झाल्यावर सगळ्यांच्या सायकलींपाशी एकटे तुम्हीच होता म्हणे. दहा मिनिटं."

सेगावा लालबुंद झाला. "म्हणजे मी उघडले खटके? जानेवारीत मी बैठकीत बोललो होतो, ज्याला चढ जमत नाही त्यानं कॅप्टन राहू नये. तोंडावर बोललो. पाठीमागून वार करायची मला गरज नाही!"

"बरं. जेवणानंतर काय झालं?"

"कॅप्टन म्हणाले पोट बिघडलंय, तुम्ही व्हा पुढे. आम्ही निघालो. जुन्या बोगद्याच्या चढावर असा पाऊस आला, विचारू नका. पलीकडच्या उतारावर तर नुसता राडा. मडगार्ड कुणाच्याच सायकलला नाही, सगळ्यांच्या पाठीवर चिखलाचा पट्टा. पुढे काइझूला कोरडं ठाक ऊन. चहावाली बाई आम्हाला बघून पोट धरून हसत होती."

"आणि कॅप्टन?"

"आमच्यामागून पंधरा मिनिटांत हजर! सकाळपासून रखडत होते, आणि तिथे काय अंगात आलं कोण जाणे. त्यांचे कपडे मी तसेच ठेवायला सांगितलेत, धुवायचे नाहीत म्हटलं. पुरावा आहे तो."

"फार उपकार झाले," बाई म्हणाल्या. त्या खरंच खूश दिसत होत्या. योकोईला काही उमगेना.

कॅप्टन राहायचे हिकोनेला. स्टेशनवर सायकलवाल्यांची ही झुंबड, जो तो खांद्याला भलंमोठं काळं पोतं अडकवून. एका मुलीचं पोतं योकोईच्या नडगीवर आदळलं.

"सॉरी हं काका! आत सायकल आहे."

"अख्खी?"

"चाकं दोन्ही काढून. पोत्यात बांधल्याशिवाय गाडीत घेत नाहीत ना. रिकामं असलं की हे पोतं मुठीएवढं होतं, बघा."

योकोई नडगी चोळत राहिला. त्याला काका म्हटलेलं जास्त लागलं होतं.

कॅप्टन ओगिनो एकटेच राहत. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. त्यांनी एका हाताने चहा ओतला, निम्मा सांडला. त्या दिवशीची पिवळी जर्सी खुर्चीच्या पाठीवर पसरली होती. खांद्यावर रक्त सुकलेलं, पाठीचा पिवळा रंग मात्र लखलखीत.

"निशिबोरीला दोष देऊ नका," ते लगेच म्हणाले. "चुकतं माणसाचं. वय होतं."

"वाटेत कुठे पंक्चर वगैरे?"

"नाही, काहीच नाही."

"बोगद्यापलीकडचा उतार कसा होता?"

कॅप्टनच्या हातातला कप क्षणभर थांबला. "नेहमीसारखाच. ब्रेक दाबत दाबत सावकाश उतरलो."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि चहा संपवून उठल्या.

परतीच्या गाडीत योकोईला राहवेना. "बाई, काकांचीच चूक ना? सांगून टाका. माझ्या जिवाला घोर लागलाय."

"उद्या दहाला तिघांनाही दुकानात बोलाव," एवढंच बाई बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात सेगावा घड्याळ बघत उभा होता, कॅप्टन स्टुलावर खाली मान घालून बसले होते आणि काका नेहमीप्रमाणे फेऱ्या मारत होते. बाईंनी योकोईकरवी सायकल मधोमध आणवली आणि चादर ओढली.

"काका, एकदाच बघा. पुढच्या चाकाची लिव्हर कुठे आहे?"

काका थबकले. वाकले. मग फट्टकन म्हणाले, "उजवीकडे! हे... हे चाक उलटं बसवलंय!"

"भिंतीवरच्या नऊच्या नऊ सायकलींची लिव्हर डावीकडे आहे. ह्या एकीची साखळीच्या बाजूला. आमच्या योकोईच्या खिशाला विचारा. सेगावा, धक्क्यांनी खटका उघडेल, एक वेळ मान्य. धक्क्यांनी चाक उलटं होत नाही. सायकल दुकानातून गेल्यावर कुणीतरी चाक काढलं आणि परत घालताना चुकलं."

सेगावा एक पाऊल मागे सरला. "मी नाही!"

"तुम्ही नाहीच. वैर काढायचं तर खटके बोटाने उघडले की काम झालं. चाक काढून उलटं घालायचा उपद्व्याप कोण करेल? आणि नागाहामाला ब्रेक उघडले असते तर हे गृहस्थ म्हणतात तसे तो उतार ब्रेक दाबत दाबत उतरलेच नसते. तिथेच दरीत गेले असते."

"मग पंक्चर काढलं असेल," योकोई म्हणाला.

"पंक्चर झालंच नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. ट्यूबही नवीच्या नवी आहे. आणि पंक्चरला एक चाक काढतात. इथे खटके दोन्ही उघडे आहेत, म्हणजे दोन्ही चाकं काढली होती. काही मोडलेलं नसताना दोन्ही चाकं कोण काढतं रे? तुझी नडगी अजून दुखत असेल."

योकोईच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "पोतं! आगगाडी!"

"शाबास. हे बक्षीस खरं." बाई कॅप्टनकडे वळल्या. "सगळ्यांच्या पाठी चिखलाने माखल्या. तुमची जर्सी कुणी धुतलेली नाही, तरी पाठ स्वच्छ. ओगिनोसाहेब, तो उतार तुम्ही उतरलाच नाहीत. नागाहामाला सायकल पोत्यात भरली आणि गाडीने बोगद्यापलीकडे उतरलात. मंडळी पुढे जाईपर्यंत थांबलात आणि घाईघाईने चाकं जोडलीत. खटके बंद करायचे राहिले. पुढे सपाट रस्ता, ब्रेकची गरज पडली ती थेट काइझूच्या गर्दीत."

मग कॅप्टन पुटपुटले, "नागाहारा स्टेशन. शौचालयामागे तासभर बसून होतो, चोरासारखा. गुडघा साथ देत नाही. हा बैठकीत तसं बोलल्यावर... आणि ही माझी पन्नासावी फेरी होती."

सेगावा जमिनीकडे बघू लागला.

निशिबोरीकाका मात्र शांत उभे होते. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांचे पाय थांबले होते.

"रोज सकाळी उठलो की मी नावं म्हणत होतो," ते म्हणाले. "बायकोचं, नातवंडांचं, शेजाऱ्यांचं. एखादं विसरलो तर नाही ना, म्हणून. तुला माहीत होतं, माझी चूक नाही ते."

"होतं."

"माझा भाऊ कसा गेला तेही माहीत होतं. त्याच्या अंत्यविधीला तू माझ्या शेजारी बसला होतास."

कॅप्टन स्टुलावरून उतरले, मोडक्या हातानिशी जमिनीवर गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं. दुखलं असणार, कण्हले. काकांनी त्यांना उठवलं नाही.

"मला सांगायचं होतंस ना रे! मागच्या चाकाला जास्त दात्यांचं चक्र बसवून दिलं असतं. निम्मा चढ तिथेच सरला असता. अर्ध्या तासाचं काम होतं."

"लाज वाटली."

"आणि माझ्यावर ढकलताना नाही वाटली?"

कॅप्टनचे खांदे हलत होते. योकोईने तोंड फिरवलं, त्याच्यानं बघवेना.

"ऊठ," काका अखेर म्हणाले. "मी क्लबात काही सांगणार नाही, सेगावाही लिहिणार नाही. तू सांगायचंस. एकेकाला, आत्ता, माझ्यासमोर."

दुकानाचा जुना फोन काउंटरवर होता. कॅप्टनचा मोबाइल कठड्यावर फुटला होता, आणि कुणाचाच नंबर त्यांना पाठ नव्हता. एका हातात रिसीव्हर धरून ते नुसते उभे राहिले.

काका पुढे झाले आणि आकडे दाबू लागले. पहिला फोन झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. वही नाही, कागद नाही. मधेच त्यांचं बोट थांबलं. आपण काय करतोय ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पुढचा नंबर लावला. एकोणीस माणसं होती. एकही फोन चुकीच्या घरी लागला नाही.