पूजेतला पाना

वीज यायला वेळ लागेल. बसा इथेच, गच्चीवर वारा तरी आहे. इंद्रजीत, तू संध्याकाळपासून विचारतोयस की जुनी जीप कुणीतरी नीट करून ठेवलेली आयती घ्यावी, की मोडकी आणून स्वतः जोडावी. मला गाड्यांतलं कळत नाही. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण माझी स्वतःची स्कूटर मला कधी वश झाली नाही. तेव्हा सल्ला देत नाही. आपल्या शेजारच्या सयाजीचं काय झालं तेवढं सांगतो. सांगावं की नाही, हेही मला नीट ठरवता येत नाहीये. पण तू उद्या अकलूजला निघालायस, म्हणून...

सयाजीचे वडील धोंडीराम एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोडकी जीप अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकली आणि तिचा एकेक भाग जोडत बसले. वर्षं गेली. विजयमालाबाई, म्हणजे सयाजीची आई, त्यांना चिडवायच्या, "माझ्या तेराव्याला तरी चालू व्हईल का ती?" ते हसायचे आणि म्हणायचे, दसऱ्याला तुला पुढच्या सीटवर बसवून सीमोल्लंघनाला नेणार. बाईंनी सोलापुरी चादर कापून त्या सीटला खोळही शिवली होती.

सयाजी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली राबलेला. धोंडीराम गाडीखाली पाठीवर सरकत जायचे आणि काही हवं असलं की नुसता हात बाहेर काढायचे. पंजा उघडा. तोंडानं मागायचे नाहीत. कुठला पाना हवा ते पोरानं ओळखायचं. चुकीचा दिला, तर तो खाली ठेवला जायचा आणि हात पुन्हा तसाच उघडा बाहेर यायचा.

गेल्या वर्षी माघात ते त्या जीपखालीच गेले. हृदय थांबलं. मागच्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, एक बोल्ट अर्धा आवळलेला, आणि सतरा नंबरचा पाना छातीवर.

दिवस झाल्यावर विजयमालाबाईंनी मुलाला एकच गोष्ट मागितली. त्यांचं राहिलेलं तू तुझ्या हातानं पुरं कर, दसऱ्याला मी बसंन. सयाजी व्हय म्हणाला. काम खरं तर थोडंच उरलं होतं. पण त्याला जीपखाली जाता येईना. शेडपर्यंत जायचा, पाने काढून ठेवायचा, परत यायचा. पावसाळा तसाच गेला.

मग अकलूजला महबूबभाई म्हणून जुन्या गाड्यांचे एक व्यापारी आहेत, त्यांच्या गाड्या ठेवायच्या वाड्यात त्याला अगदी तशीच जीप दिसली. तोच हिरवा रंग. पूर्ण तयार, किल्ली फिरवली की चालू. त्यानं आईला सांगितलं की उरलेलं काम अकलूजच्या गॅरेजात करून घेतो, आणि वडिलांची जीप टेम्पोत घालून नेली. ती देऊन, वर पैसे घालून तयार जीप घ्यायची, तिच्यावर आईनं शिवलेली खोळ चढवायची आणि दसऱ्याला दारात उभी करायची, असा बेत. आईला काय कळणार होतं?

महबूबभाईंनीच त्याला अडवलं होतं. म्हणाले, "आठ दिवस द्या, मी हाताखाली माणूस देतो. बापाची गाडी हाय की ती, का सोडताय?"

सयाजी म्हणाला, "मला तिच्याखाली जायचं न्हाय."

अदलाबदल झाली ती रात्र खंडेनवमीची. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून पूजेत मांडायची, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी उचलायची नाहीत. विजयमालाबाईंनी नवऱ्याचे सगळे पाने शेडमध्ये पाटावर ओळीनं मांडले. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. शेडला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

सयाजी जेवून अकलूजहून नव्या जीपनं घराकडे निघाला. एकटाच. टेंभुर्णी, मोहोळ, सगळं ठीक. गाडी लोण्यासारखी चालत होती, असं तो म्हणाला. सीनेचा पूल आला, लांबोटीची हॉटेलं मागे पडली. बारा वाजायला आले होते.

तेव्हा खालून आवाज यायला लागला.

कर्र... कर्र... टक.

त्यानं वेग कमी केला. आवाज तसाच. वेग वाढवला. आवाज तसाच. गाडीच्या चालण्याशी त्याचा काही संबंधच नव्हता.

त्यानं जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

कर्र... कर्र... टक.

रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना ज्वारीची पेरलेली रानं. त्यानं मोबाईलचा उजेड लावला, खाली उतरला, आणि वाकून बघायचं धाडस होईना म्हणून नुसता उभा राहिला.

आवाज थांबला.

मग जीपखालून एक हात बाहेर आला.

कोपरापर्यंत. ग्रीसनं काळा. पंजा उघडा.

काही बोलणं नाही... काही नाही. नुसता हात.

सयाजीच्या खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं. गाडीत एक पानासुद्धा नव्हता. हात मागे जाईना. तो वाट बघत होता... जशी तो नेहमी बघायचा. किती वेळ, ते सयाजीला सांगता येत नाही. शेवटी त्याच्या तोंडून कसंबसं निघालं,

"अण्णा... पाने घरी हायत. पूजेत मांडल्यात."

हात थोडा वेळ तसाच राहिला.

मग आत गेला.

सयाजी घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही.

सकाळी बाईंनी शेजारपाजाऱ्यांना जीप बघायला बोलावलं, तेव्हा मीही गेलो. दारात रांगोळी, जीपला झेंडूची माळ. सयाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, जागरण. बाईंनी जीपभोवती एक फेरी मारली. खोळीवरून हात फिरवला. मग दाराच्या कडेवरून. तिथे हात जरा रेंगाळला, ओळखीची खूण शोधत असल्यासारखा. त्या आत बसल्या नाहीत.

"सयाजी, ही त्यांचीच हाय का?"

त्यानं जीपवरची माळ उगाच सरळ केली.

"चल. हत्याराला हात लावून सांग."

त्यांनी कमरेची किल्ली काढून शेडचं कुलूप उघडलं. आम्ही मागोमाग आत गेलो. पाटावर पाने ओळीनं मांडलेले, जसेच्या तसे. मध्ये एक जागा रिकामी होती. तिथे कुंकवाचे चार कण सांडलेले, फूल बाजूला पडलेलं. सतराचा पाना नव्हता.

कुलूप मी पाहिलं होतं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. मला वाटलं, मांडतानाच एखादा राहिला असेल. मी तसं म्हणालोही. बाईंनी हातातली किल्ली माझ्यापुढे धरली.

सयाजी पाटासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. अकलूज, अदलाबदल, रात्रीचा हात, आणि आपण काय उत्तर दिलं ते. बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त वाईट वाटलं मला.

"जा," त्या म्हणाल्या. "त्यांची गाडी घेऊन ये. सर, तुमी जावा ह्याच्यासंगं."

आम्ही दोघं अकलूजला गेलो. सणामुळे महबूबभाईंचा वाडा बंद होता. त्यांनी घरून येऊन आमच्यासमोर साखळी काढली. म्हणाले, काल सयाजी गेल्यावर लावली ती आत्ताच उघडतोय. धोंडीरामांची जीप पार मागच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली उभी होती.

सयाजी तिच्याजवळ जाईना. मग मीच ताडपत्री वर केली आणि गुडघे टेकून खाली वाकलो. माझे डोळे चांगले नाहीत. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. महबूबभाईंनाही बघायला लावलं.

मागच्या पाट्याचा तो बोल्ट पूर्ण आवळलेला होता. सतराचा पाना त्याच्यावरच बसलेला होता. पान्याला झेंडूची एक पाकळी चिकटली होती, आणि कुंकू.

कुंकू ओलं होतं. मी बोट लावून पाहिलं.