कुलूप न घालायचा धागा

उद्यापासून फोरमची देखरेख तुमच्याकडे येतेय. नियम मी लिहून दिलेच आहेत. पण एक धागा असा आहे, ज्याला तुम्ही कुलूप घालायचं नाही. का, ते नियमांच्या पानावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला घरी बोलावलं. दिवा इकडे ओढा आणि बसा निवांत.

मी मूळचा मिस्त्री. लोकांच्या घरातले गिझर, पंप, वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात हयात गेली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा, तेरा-चौदा वर्षांपूर्वी, खुर्चीत बसून करता येईल असं हे काम मिळालं. लोक आपापल्या बिघडलेल्या यंत्रांची गाऱ्हाणी फोरमवर मांडायचे, एकेका गाऱ्हाण्याचा एक धागा, आणि आमच्यासारखे दहा-बारा जाणकार उत्तरं द्यायचे. शिस्त लावायचं काम माझ्याकडे. सगळे मला ‘हवालदार’ म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

माझा सगळ्यात लाडका नियम जुन्या धाग्यांचा होता. सहा महिन्यांहून जुना धागा उगाच काहीतरी लिहून यादीत वर काढू नये. ‘मलाही हाच त्रास आहे’ एवढंच सांगायला तर मुळीच नाही. नवी माहिती असेल तरच काढावा, नाहीतर नवा धागा सुरू करून जुन्याचा दुवा द्यावा. आणि शेवटची ओळ मी मोठ्या ऐटीत लिहिली होती: ‘मूळ प्रश्न विचारणारा अजून उत्तराची वाट बघत बसलाय, असं समजू नये.’

तो मंगळवार होता. सकाळचे साडेसात. ही आत अंघोळीला गेली होती, पाण्याचा आवाज येत होता. मी रोजच्यासारखा फोरमवर फेरी मारायला बसलो, तर सगळ्यात वर एक धागा. अकरा वर्षांपूर्वीचा. खाली ताजा प्रतिसाद, आयडी ‘टाचणी’. तीनच शब्द.

‘कुणी आहे का?’

माझं डोकंच सणकलं. वर काय लिहिलंय ते वाचलंही नाही. ‘जुने धागे वर काढू नयेत, नवीन धागा उघडावा’ हे ठरलेलं वाक्य चिकटवलं आणि कुलपाचं बटण दाबायला गेलो. तर बटणावर लिहिलेलं, ‘कुलूप काढा’. म्हणजे धाग्याला कुलूप होतंच, अकरा वर्षांपासून. मग बंद धाग्यावर कुणी लिहू कसं शकलं? सॉफ्टवेअर म्हातारं झालंय, माझ्यासारखंच, असं म्हणून मी उठलो.

संध्याकाळी एका नव्या सदस्याचा खाजगी निरोप आला. मला तो अजून शब्द न् शब्द पाठ आहे. ‘सकाळी माझ्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. आतून कडी. काय झालं असेल म्हणून फोनवर शोधत होतो, तर तुमचा तो धागा सगळ्यात वर आला. प्रश्न अगदी आमचाच होता. उत्तरासाठी खाली सरकलो, तर तुमची सूचना आणि कुलूप. शेजाऱ्यांनी दार तोडलं. सासूबाई वाचल्या, पण डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं आणि संपलं असतं. उत्तर नव्हतं तर नव्हतं, निदान विचारायला जागा तरी ठेवायचीत.’

मग मी तो धागा वरून वाचला.

टाचणीनं अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ‘आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवलाय. थंडीमुळे खिडकी बंदच असते. हल्ली आईला अंघोळीनंतर गरगरतं, डोकं दुखतं. गिझरची ज्योत आधी निळी होती, आता पिवळी दिसते. वास तर कसलाच येत नाही. काही काळजीचं आहे का? मी कपडे शिवते, यातलं काही कळत नाही.’

मला ते वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल. पिवळी ज्योत, बंद खिडकी. असा गिझर जो वायू सोडतो त्याला ना वास, ना रंग. माणूस गुंगत जातो आणि त्याला वाटतं, झोप येतेय. कुठल्याही शिकाऊ मिस्त्रीनं सांगितलं असतं, बाई, आत्ताच्या आत्ता तो बंद करा.

त्याखाली त्या वेळचा एकच प्रतिसाद होता. माझा.

‘गिझरचे प्रश्न गिझर विभागात विचारावेत. आधी शोधावे, मग विचारावे. धागा बंद.’

मी फोरमच्या मालकांना फोन लावला. ते आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शांत डोक्याचे. त्यांनी बराच वेळ काय काय तपासलं.

“काका, या आयडीनं शेवटचं लॉगिन अकरा वर्षांपूर्वी केलंय.”

“अहो, आज सकाळी लिहिलंय तिनं!”

“लिहिलेलं दिसतंय मला. पण कुणी आत आल्याची नोंद नाही. कुठून आलं तेही नाही… नुसतं आहे. उडवून टाकू का?”

“नको,” मी म्हणालो. “तिचा काही पत्ता, फोन?”

नंबर होता. दोन दिवस मी त्याच्याभोवती घुटमळलो. शेवटी ही म्हणाली, “अहो, जेवण जात नाहीये तुम्हाला. लावा एकदाचा.” लावला. एका पुरुषाने उचलला. मी आयडी सांगितला. मागे शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“टाचणी आम्ही घरात म्हणायचो तिला,” तो म्हणाला. “माझी धाकटी बहीण. ती गेली हो… आई पडली म्हणून आत धावली, आणि तीही तिथेच. मी कामावर होतो.”

मी पडद्यावरची माझी ती जुनी ओळ पुन्हा वाचली.

“आदल्या रात्री मी म्हटलं होतं, मिस्त्रीला बोलावू. तर म्हणाली, थांब दादा, मी जाणकार लोकांना विचारलंय. उत्तर येईल.”

त्या क्षणी फोन ठेवून देता आला असता. नाही ठेवला. त्याला सगळं सांगितलं, मी कोण, मी काय लिहिलं होतं, सगळं. तो शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“बंद का केलात?” त्यानं एवढंच विचारलं.

“नियम होता.”

“मग आता उघडा ठेवा,” तो म्हणाला. “तिला कुणी मध्येच तोडलेलं आवडायचं नाही.”

त्याच दुपारी मी कुलूप काढलं. माझी जुनी ओळ पुसली नाही, राहू दे म्हटलं. तिच्याखाली उत्तर लिहिलं, जसं अकरा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं तसं. गिझर बंद करा, बाहेरच्या बाजूला बसवून घ्या, मिस्त्री येईपर्यंत वापरू नका, कुणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत न्या. अखेरीस लिहिलं, ‘उशीर झाला. चूक माझी.’ आणि नियमांतली ती ऐटबाज ओळ काढून टाकली.

तीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, धागा पुन्हा वर.

‘काका, एक जण येतोय. इथेच थांबा.’

फोरमवर मला सगळे हवालदार म्हणतात. तिथं माझं वय कुणाला ठाऊक नाही. खोलीत उजाडलं होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. आत बाथरूममध्ये हिचं पाणी पडत होतं. मी तसाच उठलो आणि दार ठोकलं.

“ठीक आहेस ना?”

“आता अंघोळही करू देणार नाही का?” आतून हिचा आवाज.

परत येऊन बसलो. पान तसंच. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग एका अगदी नव्या आयडीचा प्रतिसाद आला. घाईत लिहिलेला, अर्धे शब्द मोडलेले. ‘बायको आत आहे अर्धा तास. हाक मारली ओ देत नाही. गॅस गिझर आहे. काय करू.’

माझं उत्तर त्याच्याआधीच तयार होतं. ‘दार तोडा. आत श्वास रोखून जा. तिला ओढून बाहेर आणा, अंगावर चादर टाका, उघड्या हवेत न्या. मग गिझर बंद, खिडक्या उघडा, रुग्णवाहिका बोलवा. आत थांबू नका. एकट्यानं जाऊ नका, शेजाऱ्याला हाक मारा.’

नंतरची पंचवीस मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. ही ओल्या केसांनी येऊन माझ्यामागे उभी राहिली. माझ्या खांद्यावर तिचा हात होता आणि दोघंही त्या पानाकडे बघत होतो. मग एक ओळ आली.

‘बोलली. पाणी मागितलं.’

मी रडलो. तुम्हाला सांगायला लाज कसली? रडलो, आणि धाग्यावर लिहिलं, ‘पोरी, वाचली ती.’ त्यावर काही आलं नाही.

त्यानंतर वर्षभरात सात वेळा धागा वर आला. सातही वेळा आधी तिची एक ओळ, मागोमाग कुणीतरी धावत आलेलं. सहा वाचले. एक म्हातारे गृहस्थ नाही वाचले, तेव्हा तिनं लिहिलं होतं, ‘तुम्ही वेळेत सांगितलंत, काका.’ मालकांनी पुन्हा कधी काही तपासलं नाही. मीही विचारलं नाही. सकाळी सहा ते नऊ मी इथून हलायचो नाही, एवढंच.

आता माझी नजर अधू झालीय, म्हणून तुम्हाला गळ घातली. भिऊ नका. ती वाईट नाही. ती फक्त वर येते, आणि तेव्हा कुणीतरी जागेवर असावं लागतं.

पण गेल्या सोमवारचं तुम्हाला सांगायलाच हवं. त्याशिवाय जबाबदारी देणं बरोबर नाही.

सोमवारी सकाळी तिनं लिहिलं, ‘काका, अजून एक घर आहे. पण तिथलं कुणी इथे येत नाही.’

मी लिहिलं, ‘कुठे? पत्ता सांग. मी कुणालातरी पाठवतो.’

तेव्हा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक ओळ उमटली: ‘टाचणी लिहीत आहे…’

आपल्या फोरमवर अशी सोयच नाही. कधीच नव्हती. मालकांना विचारून घ्या हवं तर.

मी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. ओळ तिथेच. सोमवारी दिवसभर, मंगळवारी, बुधवारी. ती तीन टिंबं हलत होती. मी ओळखीच्या सगळ्या मिस्त्र्यांना फोन केले, कुणाकडे गॅसचा गिझर आत बसवलाय का, विचारा, जाऊन बघा. कुठे कुठे बघणार?

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ती टिंबं थांबली. पत्ता आलाच नाही, आणि त्या घरात आता वाचवायला कुणी उरलं नाही, हे मी समजलो.